अंधारात निर्णय नको : संत इग्नेशियस लोयोला आणि नैराश्याशी त्यांची झुंज

दर वर्षी ३१ जुलै या दिवशी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक, संत फ्रान्सिस झेवियर यांना भारतात धाडणारे वडीलधारे, तपसाधनांचे आश्रयदाते संत अशा अनेक नात्यांनी ते आपल्याला परिचित आहेत. तसबिरीत ते काळा झगा घालून, हाती पुस्तक धरून शांत मुद्रेने उभे असलेले दिसतात. ती मुद्रा पाहून कोणासही वाटावे की या माणसाला मनाचे दुखणे कधी शिवलेच नसेल. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ऐन तिशीत हेच इग्नेशियस इतक्या खोल निराशेत सापडले होते की स्वतःचे जीवन संपवावे, असा विचार त्यांच्या मनात वारंवार उसळून येत असे. ही गोष्ट त्यांच्या कोणा विरोधकाने पसरवलेली नाही. आयुष्याच्या अखेरीस, १५५३ ते १५५५ या काळात, त्यांनी स्वतःच आपली जीवनकथा लुईस गोन्साल्विस द कामारा या सहकारी धर्मगुरूंना सांगितली आणि तीत हा काळाकुट्ट अध्याय न लपवता सांगितला.

त्यांनी तो का सांगितला असावा? आम्हांला वाटते, तो ऐकून कोणा खचलेल्या जिवाला आधार मिळावा म्हणून. आज आपल्या धर्मग्रामांतही नैराश्याने ग्रासलेली माणसे आहेत. परीक्षेत अपयश आलेला विद्यार्थी, नोकरी गेलेला कर्ता पुरुष, बाळंतपणानंतर उदास झालेली आई, मुले परदेशी गेल्याने एकाकी पडलेले आजीआजोबा असे कितीतरी जण मनातल्या मनात कुढत असतात. आपण त्यांना भेटतो आणि चांगल्या हेतूनेच सकारात्मक विचार करण्याचा सल्ला देऊन परततो. सल्ला चुकीचा नसतो, पण तो अपुरा असतो. ज्याच्या मनावर काळोख दाटला आहे त्याला चांगला विचार आणायचा कसा, हेच तर उमगत नसते. इग्नेशियस यांच्या जीवनाकडे आपण या प्रश्नाच्या दृष्टीने पाहणार आहोत.

सरदारपुत्र इनिगो

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, आस्पेइतिया गावाजवळच्या लोयोला येथील वाड्यात झाला. त्यांचे मूळ नाव इनिगो. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. आईचे छत्र लवकर हरपल्याने गावातील लोहाराच्या पत्नीने त्यांचा सांभाळ केला. किशोरवयात ते आरेवालो येथे कास्तीलच्या राजकोषाचे प्रमुख हुआन वेलास्केस यांच्या घरी राहावयास गेले आणि दरबारी रीतिरिवाजांत वाढले. उंची वस्त्रे, शस्त्रांचे खेळ, शूर सरदारांच्या कादंबऱ्या आणि मानमरातब यांतच त्यांचे मन रमे. पुढे १५१७ साली ते नव्हाराच्या राजप्रतिनिधीच्या सेवेत दाखल झाले.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याने हल्ला चढवला. शरण जाणेच शहाणपणाचे आहे असे इतरांचे मत होते. लढण्याचा आग्रह इनिगो यांनी धरला. तोफेचा एक गोळा त्यांच्या पायांवर आदळला. उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. ते कोसळले आणि किल्लाही पडला. विजयी फ्रेंचांनी त्यांच्यावर उपचार केले व काही दिवसांनी त्यांना पालखीत घालून लोयोलाला पोहोचवले.

तिथे पाहिले तर हाड नीट जुळले नव्हते. ते पुन्हा मोडून बसवण्यात आले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात त्यांनी तोंडातून आवाज न काढता केवळ मुठी आवळून वेदना सोसल्या. प्रकृती इतकी ढासळली की संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्री त्यांची आशा सोडण्यात आली होती. त्यातूनही ते वाचले. पण गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आलेला राहिला आणि पाय आखूड झाला. दरबारी बुटात तो पाय वाईट दिसेल, एवढ्याच कारणासाठी त्यांनी ते हाड कापवून घेतले. तरी थोडे लंगडणे जन्मभर राहिलेच. शूर सरदाराचे सारे स्वप्न या एका पायापाशी अडले.

विचार येतो कुठून आणि जातो कुठे?

बिछान्यावर पडून वेळ जाता जाईना. त्यांनी वाचायला शौर्यकथा मागितल्या. त्या वाड्यात एकही नव्हती. वहिनीच्या घरातून मिळाली ती दोनच पुस्तके, एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरे संतांच्या चरित्रांचे. दुसरे काही नाही म्हणून ते तीच वाचू लागले.

वाचन थांबवले की मन दोन दिशांना धावे. कधी ते एका थोर कुळातील स्त्रीची सेवा करण्याची, पराक्रम गाजवण्याची स्वप्ने तासन्‌तास रंगवत. कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे जगावे, अनवाणी जेरुसलेमला जावे, असे विचार करीत. दोन्ही विचारांत गुंतले असताना त्यांना आनंदच होई. फरक पुढे पडे. दरबारी स्वप्ने ओसरली की मन कोरडे व असमाधानी राही; संतांसारखे जगण्याचा विचार संपल्यानंतरही अंतःकरण प्रसन्न राही. एके दिवशी हा फरक त्यांच्या ध्यानी आला आणि त्यांना नवल वाटले.

नीट पाहिले तर इग्नेशियस यांच्या साऱ्या आध्यात्मिक शिकवणीचे बीज या एका निरीक्षणात आहे. मनात आलेला प्रत्येक विचार खरा असतो असे नाही आणि तो आपलाच असतो असेही नाही. तो आत येताना गोड आहे की कडू, यावरून त्याची पारख होत नाही. तो आपल्याला शेवटी कुठे नेऊन सोडतो, यावरून ती होते. हीच गोष्ट पुढे त्यांचे प्राण वाचवणार होती.

मानरेसाचा काळोख

१५२२ च्या आरंभी त्यांनी घर सोडले. मोन्त्सेरात येथील पवित्र मरियेच्या मंदिरात त्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याचे पाप लिहून काढून तीन दिवस प्रायश्चित्त संस्कार घेतला. २४ मार्चच्या रात्री त्यांनी वेदीसमोर जागरण केले, तलवार व खंजीर तिथेच अर्पण केले, आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि स्वतः गोणपाटाचा झगा घातला. तेथून जवळच्या मानरेसा गावी ते थोडे दिवस राहण्यासाठी गेले. ते थोडे दिवस लांबत सुमारे अकरा महिन्यांचे झाले.

मानरेसात ते भीक मागून जेवत. मांस व मद्य त्यांनी वर्ज्य केले. पूर्वी केसांचा फार अभिमान होता, म्हणून आता केस व नखे वाढू दिली. दिवसाचे सात तास ते गुडघ्यांवर प्रार्थना करीत. पहिले चार महिने मन एकसारख्या आनंदात होते. मग एके दिवशी अचानक एक विचार आला. अजून सत्तर वर्षांपर्यंत जगायचे आहे, इतकी वर्षे हे कष्टाचे जीवन तुला कसे झेपणार, असे तो विचार विचारू लागला. इग्नेशियस यांनी त्या विचारालाच उलट प्रश्न केला. एका तासाच्या आयुष्याची तरी हमी तू मला देऊ शकतोस का? तो विचार तेवढ्यापुरता निघून गेला, पण त्यानंतर मनःस्थिती पालटू लागली. कधी प्रार्थनेत गोडी राहीना, तर कधी खांद्यावरची घोंगडी कोणी अलगद उचलून न्यावी तशी सारी उदासी क्षणात नाहीशी होई.

पुढे आली ती पापशंका. मोन्त्सेरातला सारे काही सांगितले होते, तरी काहीतरी राहून गेले असेल, नीट सांगितले नसेल, म्हणून क्षमा मिळालीच नसेल, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी पुन्हा पापनिवेदन केले. समाधान झाले नाही. गावातील एका विद्वान धर्मगुरूंच्या सांगण्यावरून आठवेल ते सर्व लिहून काढले. तरीही नाही. अगदी स्पष्ट असल्याखेरीज गतकाळातील काहीही पुन्हा सांगू नये, अशी आज्ञा झाली. परंतु त्यांना तर प्रत्येक गोष्ट स्पष्टच वाटत होती! ज्यांना अशी चिंता कधी जडली आहे त्यांना हे चक्र ओळखीचे वाटेल. जितके आश्वासन मिळते तितकी शंका नव्याने जन्म घेते.

त्या वेळी ते डॉमिनिकन मठातील एका खोलीत राहत होते. तिथे ते मोठ्याने परमेश्वराला हाका मारीत. मार्ग दाखवायला एखादे कुत्र्याचे पिलू दिले तरी त्याच्या मागे जाण्याची आपली तयारी आहे, असे ते विनवीत. याच दिवसांत आपले जीवन संपवावे हा विचार जोराने येऊ लागला. आपण हे करणार नाही, परमेश्वराला दुखावणार नाही, असे ते पुन्हा पुन्हा ओरडून सांगत आणि तो क्षण जाऊ देत. एका संताची कथा आठवून त्यांनी अन्नपाणी सोडले. रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी काहीही खाल्ले नाही, मात्र प्रार्थना एकही चुकवली नाही. त्या रविवारी त्यांनी हे आपल्या धर्मगुरूंना सांगितले. धर्मगुरूंनी उपवास तत्काळ सोडण्याची आज्ञा केली. अंगात अजून बळ होते, तरी त्यांनी ऐकले. दोन दिवस मन मोकळे राहिले. तिसऱ्या दिवशी जुनी पापे एकामागून एक आठवू लागली, एका पापाच्या शेपटाला दुसरे लागून येऊ लागले.

इथे आपण थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. इग्नेशियस यांच्या श्रद्धेत काही उणे नव्हते. ते दररोज मिस्सात सहभागी होत होते, सात तास प्रार्थना करीत होते, संस्कार घेत होते आणि तरीही ते निराशेत बुडत होते. ज्याला नैराश्य आले त्याची प्रार्थना कमी पडली, असे म्हणण्याची घाई आपल्यात अजूनही होते. मानरेसाच्या त्या खोलीकडे पाहिले की असे म्हणायला जीभ धजावणार नाही.

सुटका कशी झाली?

शंकांच्या त्या माळेपाठोपाठ या साऱ्या जीवनाचाच वीट आला आणि ते सोडून निघून जावे अशी तीव्र ओढ लागली. नेमक्या त्या क्षणी झोपेतून जाग यावी तसे त्यांना भान आले. लोयोलाच्या बिछान्यावर शिकलेला धडा त्यांना आठवला. हा विचार आला कसा? तो कोणत्या पावलांनी आत शिरला? आणि तो मला कुठे नेऊ पाहत आहे? त्यांनी मागोवा घेतला. आरंभ झाला होता तो धार्मिक दिसणाऱ्या काळजीपासून, आपले पापनिवेदन पूर्ण व्हावे या इच्छेपासून. शेवट होत होता तो परमेश्वरापासून आणि जीवनापासूनच दूर पळण्यात. ज्या वाटेचा शेवट असा, ती वाट परमेश्वराची असू शकत नाही. त्यांनी ठरवले की गतकाळातील पापे पुन्हा सांगायची नाहीत. त्या दिवसापासून त्या शंकांनी त्यांना सोडले. ही परमेश्वराची करुणा आहे, असे त्यांनी मानले.

आपण ज्याला सकारात्मक विचार म्हणतो त्याहून ही गोष्ट थोडी वेगळी आहे. वाईट विचार दाबून टाकून त्याच्या जागी त्यांनी एखादे गोड वाक्य बसवले नाही. त्यांनी त्या विचाराचा चेहरा नीट पाहिला, त्याचा माग काढला आणि त्याचे म्हणणे मान्य करण्यास नकार दिला. आजचे मानसोपचारतज्ज्ञही विचारांवर आधारित उपचार करताना रुग्णाला आपले विचार तपासून पाहायला शिकवतात. मनात आले म्हणजे ते खरेच, असे समजू नये, ही त्या उपचाराची पहिली पायरी असते.

विचारांबरोबर त्यांनी शरीराकडेही पाहिले. झोपायला जाताना त्यांना मोठमोठी आध्यात्मिक स्फुरणे होऊ लागली होती आणि त्यांत झोपेचा आधीच तुटपुंजा वेळ जाऊ लागला. दिवसभराचा एवढा वेळ परमेश्वराला दिलेला असताना ही स्फुरणे नेमकी झोपेच्याच वेळी का यावीत, असा त्यांनी विचार केला आणि ती बाजूला सारून ते झोपू लागले. ते पुन्हा मांस खाऊ लागले, केस व नखे कापू लागले. आजारपणात गावातील भगिनींनी त्यांची शुश्रूषा केली आणि थंडीत अंगभर कपडे, पायात जोडे व डोक्याला टोपी घालण्याचा आग्रह धरला. तो त्यांनी मानला. निराश झालेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले, भाकर व पाणी दिले आणि मग पुढची वाट दाखवली, याची या ठिकाणी आठवण होते.

यानंतर एके दिवशी कार्दोनेर नदीच्या काठी बसले असता त्यांच्या बुद्धीला असा प्रकाश लाभला की सारे जग आपल्याला नवे दिसू लागले, असे त्यांनी पुढे सांगितले. काळोखानंतरचा हा प्रकाश होता. मात्र काळोखातून काय शिकलो, हेही त्यांनी टिपून ठेवायला सुरुवात केली. त्या टिपणांतूनच त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ हळूहळू घडत गेला. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली.

निराश मनासाठी काही नियम

या ग्रंथात आत्म्यांची पारख करण्याचे नियम आहेत. त्यांतील काही नियम खास उदासीच्या काळासाठी आहेत. आम्ही त्यांचा आशय आमच्या शब्दांत देत आहोत.

पहिला, उदासीच्या काळात पूर्वी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. मन प्रसन्न असताना जे ठरवले त्यावर ठाम राहावे. लग्न मोडावे, शिक्षण सोडावे, नोकरीचा राजीनामा द्यावा, धर्मगुरूपद वा व्रतस्थ जीवन टाकावे, सगळ्यांशी नाते तोडावे, असे विचार काळोखातच जोर धरतात. काळोखात वाट दिसत नाही, म्हणून वळण घेऊ नये. आणि जीवन संपवणे हा तर असा निर्णय आहे की तो पुन्हा कधी बदलता येत नाही.

दुसरा, निर्णय बदलायचा नसला तरी स्वतःला मात्र उदासीच्या विरुद्ध दिशेने थोडे ढकलावे. प्रार्थना टाळावीशी वाटली तर ती थोडी अधिक करावी, आत्मपरीक्षण करावे. मनावर झापड आलेल्या माणसाने आंघोळ करून घराबाहेर पडणे, हेही त्या दिवशी मोठे धैर्य असते.

तिसरा, परमेश्वराची कृपा जाणवत नसली तरी ती आपल्यापासून दूर गेलेली नसते. जाणीव हरपली म्हणून आधार हरपत नाही. म्हणून धीर धरावा, कारण सांत्वन परत येणार आहे.

चौथा, सांत्वनाच्या काळात पुढे येणाऱ्या उदासीची तयारी करून ठेवावी. उन्हाळ्यात आपण पावसाळ्याची बेगमी करतो, तसेच हे. बरे वाटत असलेल्या दिवसांत प्रभूने दिलेल्या कृपा आठवाव्यात. शक्य तर लिहून ठेवाव्यात. वाईट दिवसांत मन त्या आठवू शकत नाही, पण लिहिलेले वाचू शकते.

पाचवा नियम आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इग्नेशियस सांगतात की मोहात पाडणारा शत्रू फसव्या प्रियकरासारखा असतो. एखाद्या मुलीला फूस लावणाऱ्याला आपले बोलणे तिच्या वडिलांच्या कानी जाऊ नये असे वाटते, कारण ते उघड झाले की त्याचा डाव संपतो. निराशेच्या विचारांचेही तसेच आहे. कोणाला सांगू नकोस, लोक हसतील, तुला वेडा ठरवतील, असे ते कुजबुजतात. म्हणून ते सांगावेत. चांगल्या धर्मगुरूंना, किंवा मनाचे व्यवहार जाणणाऱ्या अनुभवी व्यक्तीला सांगावेत. खुद्द इग्नेशियस यांचा तो जीवघेणा उपवास सुटला, तो त्यांनी धर्मगुरूंना सांगितले म्हणूनच.

स्वतः सावरले, मग इतरांना सावरले

१५२३ साली ते जेरुसलेमची यात्रा करून आले. इतरांच्या आत्म्यांना साहाय्य करायचे तर शिक्षण हवे, म्हणून १५२४ पासून, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सेलोना येथे लहान मुलांच्या बरोबरीने ते लॅटिन शिकू लागले. आल्काला व सालामांका येथे त्यांच्या शिकवणुकीबद्दल संशय घेतला गेला, तुरुंगवासही घडला. १५२८ साली ते पॅरिसला पोहोचले.

पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांच्याबरोबर एकाच खोलीत दोन तरुण राहत होते. एक फ्रान्सिस झेवियर आणि दुसरे पीटर फेबर. फेबर हे साव्हॉय प्रांतातील मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबातले. बुद्धीने तल्लख, स्वभावाने गोड, पण आतून पापशंकांनी व अस्थिरतेने पोखरलेले. इग्नेशियस यांनी त्यांना ओळखले, कारण ते स्वतः त्याच वाटेने गेले होते. त्यांनी घाई केली नाही. फेबर यांचे ऐकून घेतले, पापनिवेदन व दररोजचे आत्मपरीक्षण यांची शिस्त लावली आणि एका वेळी एकाच दोषाकडे लक्ष द्यायला शिकवले. संपूर्ण आध्यात्मिक साधना मात्र त्यांनी सुमारे चार वर्षे थांबून १५३४ साली दिली. त्याच वर्षी फेबर धर्मगुरू झाले आणि १५ ऑगस्ट रोजी मोंमार्त्र येथे सात सोबत्यांनी व्रते घेतली तेव्हा मिस्सा त्यांनीच अर्पण केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली फेबर यांना संत म्हणून घोषित केले. मनाने दुखावलेल्या माणसाला चार वर्षे धीराने सोबत केली की काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

बार्सेलोना येथील तेरेसा रेजादेल या व्रतस्थ भगिनींना इग्नेशियस यांनी १५३६ साली लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्याही शंका व खिन्नतेने त्रस्त होत्या. स्वतःला अगदीच कुचकामी मानायला लावणारा विचार ही खरी नम्रता नसते, हे त्यांनी त्यांना समजावून दिले. डोके शिणेल इतके ध्यान करू नये, झोप पुरी घ्यावी, शरीर सुदृढ असेल तर अधिक सेवा करता येते, असेही लिहिले. मानरेसात आपल्याच शरीराचे हाल करणारा माणूस आता दुसऱ्याच्या झोपेची काळजी वाहत होता!

१५३७ साली ते धर्मगुरू झाले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी इग्नेशियस संघाचे पहिले अधिपती निवडले गेले. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. मानरेसाच्या त्या खोलीत एक जीव त्या रात्री हरला असता, तर आपल्या भूमीतील श्रद्धेच्या इतिहासाची ही पाने कोरी राहिली असती. एक जीव वाचतो तेव्हा काय काय वाचते, हे त्या वेळी कोणालाच दिसत नसते.

रोममधील उरलेली वर्षे त्यांनी एका साध्या घरात, कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात काढली. पोटाचे दुखणे होतेच. मृत्यूनंतर शरीरात खडे आढळले. खिन्नतेपासून स्वतःला जपा, असे एकदा वैद्यांनी सांगितले, तेव्हा आपल्याला कशाने खिन्नता येऊ शकेल याचा त्यांनी विचार केला. आपल्या चुकीविना येशूसंघच विसर्जित झाला तर दुःख होईल, पण पाव तास प्रार्थनेत घालवला की मन पुन्हा शांत होईल, असे त्यांना वाटले. १५५५ साली संघाविषयी फारशी आपुलकी नसलेले कार्डिनल काराफा पोप झाले. ती बातमी ऐकताच ते हादरले. ते न बोलता प्रार्थनेला गेले आणि थोड्या वेळाने शांत होऊन परतले. हादरा बसलाच नाही असे झाले नाही. हादऱ्यातून परत कसे यायचे, हे मात्र त्यांना ठाऊक झाले होते. ३१ जुलै १५५६ रोजी त्यांनी देह ठेवला. १२ मार्च १६२२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर आणि संत तेरेसा ऑफ आविला यांच्यासमवेत त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

आपण काय करावे?

प्रिय बंधुभगिनींनो, एक भेद आपण स्पष्ट समजून घेतला पाहिजे. प्रार्थनेत गोडी न वाटणे ही आध्यात्मिक उदासी आणि नैराश्य हा आजार, या दोन गोष्टी एकच नव्हेत, जरी त्या कधी कधी एकाच घरात हातात हात घालून येतात. झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची गोळी घेताना आपल्याला आपली श्रद्धा कमी झाल्यासारखे वाटत नाही; मनाच्या औषधाबद्दलही तसे वाटण्याचे कारण नाही. इग्नेशियस यांच्या काळात ही औषधे नव्हती. असती तर वैद्यांची व धर्मगुरूंची आज्ञा पाळणाऱ्या या संताने ती घेतली असती, असे आम्हांला वाटते. प्रार्थना, संस्कार, समुपदेशन आणि औषध हे एकमेकांचे वैरी नाहीत.

जीवन नकोसे वाटत असेल तर आजच, आत्ताच कोणाशी तरी बोलावे. घरच्यांशी, आपल्या फादरांशी, सिस्टरांशी, मित्राशी बोलावे. भारत सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. आणि ज्यांच्याजवळ कोणी असे मन मोकळे करील त्यांनी उपदेशाची घाई करू नये. आधी ऐकावे, सोबत बसावे, डॉक्टरांकडे बरोबर जावे.

ज्या कुटुंबांनी आपले माणूस अशा रीतीने गमावले आहे त्यांच्याविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते. गंभीर मानसिक आजार व असह्य यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये आणि तिच्यासाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते, अशी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाची शिकवण आहे. त्या कुटुंबांकडे बोट दाखवणे थांबवून त्यांच्या दारी जाऊन बसणे, हे धर्मग्राम म्हणून आपले कर्तव्य आहे.

इग्नेशियस यांच्या पायाचे व्यंग कधी गेले नाही. ते जन्मभर थोडे लंगडत चालले, आणि तसेच जेरुसलेमपर्यंत, पॅरिसपर्यंत, रोमपर्यंत पोहोचले. मनाचे काही घावही असेच राहतात. तरी चालता येते; सोबत असेल तर दूरवर चालता येते. आज ज्यांच्या मनावर काळोख आहे त्यांनी एवढेच धरून ठेवावे की हा काळोख म्हणजे अखेर नव्हे आणि काळोखात निर्णय घ्यायचा नसतो. संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू ख्रिस्त अशा प्रत्येक जिवाला पहाटेपर्यंतचा धीर देवो आणि त्या जिवाच्या शेजारी जागत बसण्याची बुद्धी आपल्याला देवो, हीच आमची प्रार्थना.